उचलीची माणसं इकडं!

लोकांची घरं खाली करून देणं हा माझा धंदा. असं सांगितलं की पुण्याकडचं गिऱ्हाईक फोनवर जरा दचकतं. त्यांना वाटतं, ही बाई भाडेकरूंना हुसकावून लावते की काय! तसलं काही नाही. कुणाचे आईबाप गेले, पोरं लांब नोकरीला, कुणी घर विकलं, कुणाची बदली झाली, की आम्हाला बोलावणं येतं. घरातलं सगळं काढायचं, निवडायचं, ज्याचं त्याला पोचवायचं, राहिलेलं भंगारवाल्याला, रद्दीवाल्याला, जुन्या फर्निचरवाल्याला द्यायचं, आणि झाडू मारून किल्ली मालकाच्या हातात ठेवायची. बीडात हा धंदा बाई करते याचं लोकांना अजून नवल वाटतं. मला त्यांचंच नवल वाटतं. घर भरलं बाईनं, जन्मभर आवरलं बाईनं, मग खाली करायला तुमचा पुरुष कशाला पाहिजे?

आणि काय मजा असते म्हणून सांगू! एका घरात आम्हाला कुकरच्या अकरा शिट्ट्या सापडल्या, कुकर एकही नाही. एका रिटायर गुरुजींच्या माळ्यावर मोडक्या छत्र्यांचा भारा होता, सुतळीनं बांधलेला, वर चिठ्ठी, 'दुरुस्त करणे'. एका घरात आई जाऊन महिना झालेला, मुलगा आईची ट्रंक उघडून रडायला लागला. मीही डोळ्याला पदर लावला. तर ट्रंकेतून निघाले चमचे. ढीगभर स्टीलचे चमचे, आणि प्रत्येकावर वेगळ्याच घराचं नाव कोरलेलं! म्हातारी जिथं जिथं पंगतीला जेवली तिथला एक एक तिनं आणला होता. मला जे हसू फुटलं ते थांबेचना. नको तिथं हसायची मला खोडच आहे, त्यापायी माहेरी मार खाल्लाय, सासरी बोलणी खाल्लीत. पण तो मुलगाही डोळे पुसता पुसता हसायला लागला, आणि शेवटी आम्ही दोघं फरशीवर बसून चमच्यांवरची नावं वाचत बसलो.

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. त्यामुळं लोकांचा घोळ होतो. धंद्याची मालक मी, आणि टेम्पो चालवतात आमचे मालक.

कामाचे आमच्याकडं दोन भाग. बांधणी आणि उचल. बांधणीवाले खाली बसून कपबश्या कागदात गुंडाळतात, खोकी भरतात, सुतळ्या आवळतात. उचलीवाले कपाटं, फ्रीज, पलंग खांद्यावर घेतात. टेम्पो दारात लागला की मी ओट्यावर उभी राहून आवाज देते, "उचलीची माणसं इकडं! बांधणीची तिकडं!" माझा आवाज असा आहे की गल्लीतली कुत्रीसुद्धा दोन बाजूंना होतात.

बांधणीचे प्रमुख मामा. साठी उलटलेली, आधी किराणा दुकानात पुड्या बांधायचे. त्यांच्या हातून आजवर बशी फुटलेली नाही, पण तोंडातून जे निघतं त्यानं भले भले फुटतात. उचलीचे तीन गडी मात्र मुकादमाकडून यायचे. हा मुकादम म्हणजे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या घेऊन जाणारा माणूस. हंगाम संपला की त्याची माणसं मोकळी, मग तो ती इकडंतिकडं कामाला लावतो. पांढरी पँट, कपाळाला गंध, आणि तोंडात सारखं "ताई, ताई". मजुरी तो स्वतःच्या हातात घ्यायचा. म्हणायचा, "तुमच्या डोक्याला कावून ताप? मी देतो वाटून." मला बरंच वाटायचं. आकडेमोड म्हणलं की मला जांभया येतात.

त्या उन्हाळ्यात त्यानं एक बाई आणली. चाळिशीची, अंगानं काटकुळी, बोलायला कमी. चौसाळ्याच्या पुढं एका वस्तीवर राहणारी, म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं चौसाळेकरीण. नवऱ्याची कंबर उसाची मोळी ट्रकात चढवताना गेली, हंगाम अर्ध्यात सोडून दोघं घरी आले, म्हणून ही एकटीच कामाला आलीय, एवढं मुकादमानं सांगितलं. गोदामामागच्या खोलीत तिची झोपायची सोय केली. मी मनात म्हणलं, बांधणीला बाईमाणूस आलं, बरं झालं, मामांना बोलायला कुणीतरी मिळालं.

पहिल्याच सकाळी मी ओट्यावरून आवाज दिला, आणि ही गुपचूप उठून उचलीच्या गड्यांत जाऊन उभी राहिली.

"अगं, तिकडं कुठं? बांधणीत ये. बसून काम हाय," मी म्हणलं.

"न्हाई वो ताई. मी उचलीची हाय."

"एवढ्याशा अंगानं?"

"हो जी."

काय सांगू, मला इतका अभिमान वाटला! मी तिची पाठ थोपटली, गड्यांना म्हणलं, बघा, शिका काहीतरी. आणि खरोखर ती फ्रीजचं एक टोक धरायची, गाद्या डोक्यावर घेऊन तीन तीन जिने उतरायची. दुपारी सगळे टेकले तरी ही उभीच. मी दर गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्याकडं बाई कपाट उचलते, म्हणलं!" एकदा तिच्या पाठीला वॉशिंग मशीन बांधलेलं असताना मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. वर लिहिलं 'नारीशक्ती', खाली दंड फुगवलेली तीन चित्रं. माझ्या नणंदेनं अंबाजोगाईवरून टाळ्या पाठवल्या. आजही तो फोटो आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग आलं कंपनीचं काम. मांजरसुंब्याला, फाट्यापासून जरा वर, एका पवनचक्कीवाल्या कंपनीचं दोन मजली गेस्ट हाऊस होतं, ते बंद करायचं होतं. दोन दिवसांत खाली करून द्यायचं. एवढं मोठं काम आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं. पण कंपनीनं कामाबरोबर एक कागद धाडला, आठ पानांचा. तो फाट्यावरच्या ढाब्यात चहा पिता पिता मी मोठ्यानं वाचायला घेतला. 'सदर व्यवसायात सक्तीच्या श्रमास प्रतिबंध करणेकामी योजिलेल्या उपायांचे विवरण द्यावे.'

"म्हंजे काय?" मालकांनी विचारलं.

"म्हंजे आपण कुणाला जबरदस्तीनं राबवतो का, आणि राबवू नये म्हणून काय करतो."

मालक बशीतला चहा संपवून म्हणाले, "लिव. नवऱ्याला रोज सक्तीनं टेम्पोवर पाठवते. प्रतिबंध कसलाच न्हाई."

मी इतकी हसले की चहा नाकात गेला. ढाबेवाला पाणी घेऊन धावत आला. सक्तीची मजुरी, आणि आमच्यात! जिथं मामा मला रोज सकाळी "आज कुणाला खायला उठलीस?" विचारतात, तिथं कोण कुणाला सक्ती करणार?

कागदात असं होतं की प्रत्येक कामगाराला ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तर लिहायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि काम संपलं की कागद साहेबाकडं द्यायचा. पहिल्या दिवशी दुपारी गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात भाकरी सोडल्या, आणि मी परीक्षकासारखी खुर्चीवर बसले.

"तुम्हाला कामाच्या ठिकाणी कोंडून ठेवलं जातं का?"

"काल गोदामाच्या संडासात कोंडलो हुतो," मामा म्हणाले. "बाहेरून कडी कुणी लावली ते लिवून घ्या आधी."

"कामासाठी शिवीगाळ होते का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी लिहिलं, 'थोडी'.

"स्वखुशीनं काम करता का?"

"सोमवारी न्हाई," एक गडी म्हणाला. "बाकी दिवशी करतो."

असं हसत खिदळत सगळ्यांचं झालं आणि शेवटी चौसाळेकरणीचा नंबर आला. मी विचारलं, "काय गं, स्वखुशीनं आलीस ना?"

"न्हाई वो. मी उचलीची हाय."

"ते माहीत हाय गं," म्हणत मी लिहिलं, 'विभाग : उचल'. "आता सांग, वाटेल तेव्हा काम सोडून जाता येतं का?"

तिनं हातातला घास खाली ठेवला. "तुमी सोडलं तर जाईन की."

"ह्या सोडतेत व्हय!" मामा म्हणाले, आणि व्हरांडा नुसता फुटला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कागद खाली पडला. मालकांना ठसका लागला. पदरानं डोळे पुसून मी वर बघितलं, तर उचलीचे तिघं गडी हसत नव्हते. तिघांच्या माना भाकरीत होत्या. आणि ती माझ्याकडं बघत होती. काहीतरी मागितलं आणि समोरची माणसं हसली, तर माणूस जसं बघेल तशी बघत होती.

"सोडता का ताई?" ती म्हणाली. "लेकीचे दिवस भरल्यात. पहिलंच बाळंतपण हाय, माझ्याकडं आलीय. घरात बाईमाणूस न्हाई दुसरं."

"अगं मग जा की! आत्ता जा! मी कशाला आडवू?"

"आन् उचल?"

"उचल काय, हे गडी करतील की!"

"गडी कसं करतील?" ती गोंधळली. "त्यांची त्यांना होईना. माझी उचल ते कावून फेडतील?"

फेडतील. तो एक शब्द कानावर पडला आणि माझं हसू जागच्या जागी बसलं.

बीड जिल्ह्यात जन्म गेला माझा. उचल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला पाहिजे का? हंगामाच्या आधी मुकादमाकडून अंगावर घेतलेले पैसे. ते फिटेपर्यंत माणूस त्याचं. इथलं शेंबडं पोर सांगेल. पण ते उसाचं, कोयत्याचं, ट्रकात बसून कर्नाटकात जाणाऱ्या माणसांचं, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या गोदामात उचल म्हणजे कपाट उचलणं. तीन आठवडे ती मला रोज सांगत होती की मी बांधलेली आहे, आणि मी रोज म्हणत होते, शाब्बास!

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. हंगाम अर्ध्यात सुटला, म्हणून उचल अंगावर राहिली. ती फिटेपर्यंत मुकादमानं तिला माझ्याकडं ठेवलेली. मजुरी मी त्याच्या हातात द्यायची, तिच्या हातात काहीच नाही. दोघा नवराबायकोची आधारकार्डं त्याच्याकडं, कोऱ्या स्टँपावर दोघांचे अंगठे. लेकीकडं जाते म्हणाली, तर तो म्हणाला, जा, पण तुझ्या जागी जावयाला धाड.

"अगं पण मग बसून करायचं काम सोडून तू वजनं कावून उचलत होतीस?"

"तुमीच आवाज दिला ना पहिल्या दिशी. उचलीची माणसं इकडं. म्या म्हणलं, मुकादमानं सांगितलं असंल ह्यांना. उचलीच्यानं जड काम करायचं, असा तुमच्यातला कायदा असंल."

"आणि मी तुझी पाठ थोपटली ते?"

"वाटलं, लवकर फिटंल."

मामांनी तोंड फिरवलं. मी काय केलं असेल? मला हसू आलं. देवाशप्पथ सांगते, लाजेनं कान तापले होते आणि तोंडातून हसू निघत होतं. माझं मलाच कळेना मी रडते का हसते. मग एकदम तिडीक गेली डोक्यात. मुकादमाला फोन लावला आणि जे काय बोलले ते कंपनीच्या कागदात लिहिलं असतं तर 'थोडी' खोडावं लागलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, उद्या येतो, समोरासमोर बोलू."

मी तिला म्हणलं, तू आत्ताच्या आत्ता नीघ. ती तयार होईना. "म्या गेले की तो सांजच्याला जावयाला गाडीत घालंल. आधी तुमी बोला त्याच्याशी." मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "उचलीचे तिघं त्याचेच हायत. उद्या त्यानं माणसं काढून नेली तर हे घर खाली कोण करणार? तू का मी?" मी म्हणलं, तुम्ही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बांधणीवर घेतलं. वरच्या मजल्यावर आम्ही दोघी पडदे काढत होतो. अकराच्या सुमारास जीप आली. मुकादम वर आला, पांढऱ्या पँटला धूळ लागू नये म्हणून दोन बोटांनी धरून.

"काय ताई, कसली वेठबिगारी घेऊन बसलात?" तो म्हणाला. "कोणी साखळीनं बांधलंय का हिला? समदा जिल्हा उचलीवर चालतो. आन् पैसे माझ्या हातावर कोण ठेवत हुतं? तुमीच ना?"

माझी बोलती बंद झाली. माझी! खोटं काय बोलला होता तो?

मग तो तिला म्हणाला, "चल, खाली जाऊन गाडीत बस. वीटभट्टीवर जागा हाय. ताईंना नको तर नको." तिनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत ती पडदा खाली ठेवून जिना उतरायला लागली. सांगितलं की निघायचं, याची सवय होती तिला. तो मागं थांबला, माझ्याकडून त्या आठवड्याची मजुरी घ्यायला. एवढं झाल्यावर! मी म्हणलं, एक दमडी देणार नाही. तो म्हणाला, मग माझे गडी चालले. असं आमचं जुंपलं.

तेवढ्यात जिन्यात धाडकन आवाज झाला.

तिघं गडी आरशाचं तीन दारी कपाट खाली नेत होते. जिन्याच्या वळणावर ते आलं आणि अडकलं. वर मी आणि मुकादम. खाली ती, मालक आणि टेम्पो. मध्ये कपाट. माणूस सोडा, मांजर जायला जागा नव्हती.

"ताई, अडकलं वो," थोरला गडी म्हणाला. इतक्या शांतपणे, जसं काही जेवण झालं का विचारतोय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खिडकीकडं धावले, गजाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "मालक! टेम्पो काढा! तिला घ्या आणि चौसाळ्याला जा! लेकीकडं!"

"बाजूला घ्या बे कपाट!" मुकादम जिन्यात ओरडला.

"घेतोय की मुकादम."

"तिरकं करा!"

"तिरकं केलं तर भिंत खरवडती. कंपनीची भिंत हाय."

"मग उचला वर!"

"आरसा हाय. मामा, आरसा गुंडाळला का तुमी?"

खालून मामांचा आवाज आला, "न्हाई गुंडाळला. थांबा, गुंडाळतो." आणि जिन्यात, अडकलेल्या कपाटाला, मामा वर्तमानपत्र लावायला लागले. एक एक पान घ्यायचं, झटकायचं, बाजारभाव वाचायचे, मग लावायचं. "सोयाबीन पडलं बघा पुन्हा," असंही मध्येच ऐकवायचं. मुकादमानं कपाटावर चढून पलीकडं जायचा प्रयत्न केला. अर्धा गेला आणि छताला डोकं लागून तिथंच राहिला. पांढरी पँट माझ्याकडं, डोकं मामांकडं. त्या अवस्थेत तो कुणाला तरी फोन लावत होता, आणि जिन्यात रेंज नव्हती. मी कठड्याला धरून खाली बसले. हसून हसून बरगड्या दुखायला लागल्या.

खाली काय झालं ते मालकांनी नंतर सांगितलं. ती जीपच्या दाराला हात लावून उभी होती. मालक म्हणाले, "चला, लेकीकडं." तिनं विचारलं, "ताई म्हणल्या का?" मालक म्हणाले, "वरून वरडतीया, कपिलधारपतोर ऐकू गेलं असंल, तुमाला न्हाई आलं?" तरी ती दार सोडेना. आधारकार्डाचं काय, जावयाचं काय, सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणे तिनं एकदम पदर खोचला आणि पळत येऊन टेम्पोत बसली.

हॉर्नचा आवाज हायवेला लागला, लांब गेला, बंद झाला. आणि कपाट निघालं. एक ओरखडा न उठता, लोण्यातून सुरी निघावी तसं.

"निघालं की!" थोरला गडी म्हणाला.

मुकादम खाली उतरला आणि तिघांच्या समोर उभा राहिला. त्यांच्याही अंगावर त्याची उचल होती, त्यांचेही अंगठे त्याच्याकडं होते. तो म्हणाला, "बघतो." तिघांनी कपाट खाली ठेवलं नाही. खांद्यावर घेऊन तसेच त्याच्या समोरून दारातून गेले. मी त्यांना नंतर विचारलं, खरंच अडकलं होतं का रे? थोरला म्हणाला, "आधी खरंच अडकलं हुतं ताई."

पुढची भानगड काही एका दिवसात मिटली नाही. आम्ही सगळे तहसीलला गेलो, तिघा गड्यांचे आणि तिचा असे चार अर्ज दिले. अशी उचल कायद्यानं फेडावीच लागत नाही, हे मला या वयात तिथल्या कारकुनाकडून कळलं. चौकशीला माणूस गेला, आणि आठवड्यानं आधारकार्डं आली, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून, गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवलेली. जावयाला कुणी हात लावला नाही. चौघांची मजुरी मी पुन्हा दिली, त्यांच्या स्वतःच्या हातात, कारण आधी चुकीच्या हातात दिलेली माझीच होती. टेम्पोचे टायर त्यामुळं बदलायचे राहिले, आणि मालक ते अजून बोलून दाखवतात. गेस्ट हाऊसचे बारा पडदे आणि मामांचं कपबश्यांचं खोकं टेम्पोतून चौसाळ्याला गेलं होतं, ते परत आणायला आणखी एक खेप झाली.

कंपनीच्या कागदावर मी लिहिलं, 'सक्तीची मजुरी होती. मालकिणीला कळलं नाही, कारण तिनं विचारलं नाही.' साहेबानं वाचलं आणि चष्मा काढला. "मॅडम, इथं 'नाही' लिहायचं असतं. सगळे तेच लिहितात." मी म्हणलं, मग विचारता कावून? त्यांनी पैसे वेळेवर दिले, पण पुन्हा कधी बोलावलं नाही. ओट्यावरून देते तो आवाजही मी बदलला. आधी "वजनाची माणसं इकडं" म्हणून बघितलं, तर शेजारच्या जाड्या वहिनी भांडायला आल्या. आता नुसतंच नावानं बोलावते.

महिन्याभरानं चौसाळेकरणीचा फोन आला. नात झाली, गोरीपान हाय, लई रडती, सगळं सांगितलं. मी खूश. आणि त्याच दमात माझ्यातली धंदेवाली जागी झाली. लग्नसराई संपून घरबदलीचे दिवस होते, माणसं मिळत नव्हती, गडीही तिघांतला एकच राहिला होता.

"मग ये की आता," मी म्हणलं. "बांधणीवर. बसून काम. मजुरी रोजच्या रोज तुझ्या हातात. खोली झाडून ठेवलीय."

मागं बाळ रडत होतं.

"न्हाई येत ताई."

"कावून गं? मजुरी कमी वाटती का? वाढवू की."

"मजुरीचं न्हाई. मन न्हाई."

"अगं पण दोन महिने तरी..."

"मन न्हाई म्हणलं ना! लई मागं लागू नका. पोरीला न्हाऊ घालायचंय, ठिवते." आणि तिनं फोन ठेवला. माझ्या तोंडावर!

मी गोदामाच्या मधोमध फोन हातात धरून उभी. आधी राग आला. म्हणलं, एवढं केलं हिच्यासाठी, आणि ही अशी! मग एकदम लक्षात आलं. इतकी वर्षं धंदा करते, मुकादमाकडून किती माणसं आली आणि गेली, पण त्यातल्या एकानंही मला कधी नाही म्हणलं नव्हतं. आणि मला वाटायचं, मी लई चांगली मालकीण आहे म्हणून म्हणत नाहीत.

"मामा!" मी ओरडले. "ती न्हाई म्हणाली! येत न्हाई म्हणाली! फोन आपटला माझ्यावर!"

मामांनी हातातली बशी कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "मग एवढं नाचायला काय झालं?"

मी आपली हसतच सुटले.